आधी नाव, मग माप

भोपाळात इंद्रपुरीच्या भाजीबाजारात मटार आले आहेत. ओल्या गोणपाटावर हिरवे ढीग, त्यांवर पाण्याचे शिंतोडे, प्रत्येक ढिगात खोचलेला भावाचा पुठ्ठा. भाजीवालीने एक शेंग अंगठ्याने फोडून माझ्यापुढे धरली. "चख के देखो भैया, शक्कर है." मी दाणे तोंडात टाकले. खरंच गोड होते. पण मी पिशवी न उघडताच पुढे निघालो. मागून ती म्हणाली, "क्यों, मीठा नहीं लगा?"

मागच्या हिवाळ्यापासून मला मटारांची भीती वाटते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे सांगावं म्हणजे हसण्यासारखं आहे, म्हणून घरी मी ते सांगितलेलं नाही. बायकोला वाटतं, मला आताशा मटार पचत नाहीत.

एरवी भोपाळचा हिवाळा हा माझा लाडका ऋतू. सकाळी रायसेन रोडवर धुकं इतकं दाट असतं की पुढच्या ट्रकचा नुसता लाल दिवा हवेत तरंगताना दिसतो. पोह्यांच्या गाड्यांवर वाफ असते, चार चिरा दिलेल्या पेरूवर काळं मीठ असतं, तीळगुळाच्या गजकचा तुकडा दाताखाली काचेसारखा मोडतो. दुपारी गच्चीवर सतरंजी टाकून पाठीला ऊन द्यायचं. आमच्या लहानपणी कॉलनीतल्या बायका अशा उन्हात गोल करून मटार सोलत, आणि त्यांच्या बोलण्यात अर्धं नागपूर आणि अर्धं भोपाळ असे. पातेल्यात दाणे पडतानाचा तो टपटप आवाज ऐकत मी अभ्यासाचं पुस्तक तोंडावर घेऊन झोपून जायचो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र या गावात मोठी माणसं जरा हळू बोलतात. मी तेव्हा शाळेत होतो. गॅसच्या त्या रात्रीबद्दल मी इथे लिहिणार नाही. माझ्या चुकीला त्या रात्रीचा आडोसा द्यावा इतका मी निर्लज्ज झालेलो नाही. एवढंच म्हणतो की एखादं काम कोणाच्याही देखरेखीशिवाय चालू आहे, ही कल्पना भोपाळच्या माणसाला इतरांपेक्षा लवकर घाबरवायला हवी होती. मला तिने घाबरवलं नाही. मी मटार खात बसलो होतो.

माझे बाबा आणि खानझोडे काका इथल्या मोठ्या कारखान्यात तपासणी विभागात होते. दोघे नागपूरहून एकाच वर्षी आले आणि निवृत्तही एकाच वर्षी झाले. मधली सगळी वर्षं त्यांनी एकत्र मापं घेण्यात घालवली. माणसाच्या कमरेहून जाड लोखंडी शाफ्ट, त्यावर दोन्ही हातांनी धरायचा मायक्रोमीटर. रीत अशी होती की एकाने माप घ्यायचं आणि मोठ्याने बोलायचं, दुसऱ्याने ते लिहायचं आणि लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. माप घेणारा आणि लिहिणारा एकच माणूस कधीही नाही. जोडीतला एक जण रजेवर असला तर नग तसाच पडून राही. आणि बोलताना आधी नगाचा नंबर बोलायचा, मग माप. बाबा म्हणायचे, "चुकीचं माप पकडता येतं रे. पण बरोबर माप भलत्याच नगावर चढलं, तर ते कोणालाच चुकीचं दिसत नाही."

ही सवय दोघांनीही घरी आणली. आईने किराणा सांगितला की बाबा तो लिहून घेत आणि दारातून निघण्यापूर्वी परत वाचून दाखवत. आई वैतागे. "अहो, हिंगाची डबी आणायचीय, टर्बाइन नाही." काका त्यांच्या संजयच्या मुंजीचं बोलावणं करायला आले, तेव्हा बाबांनी तारीख, वार, वेळ त्यांना परत म्हणून दाखवली. काका "बरोबर" म्हणाले आणि मगच त्यांनी पाण्याचा पेला उचलला. आम्ही मुलं स्वयंपाकघरात हसून लोटपोट झालो होतो. मी मोठा होऊन संगणकाच्या धंद्यात पडलो, तेव्हाही मला हेच वाटत राहिलं की ही बिचारी जुनी माणसं, यांना यंत्रांवर विश्वास टाकता आला नाही.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. काका आनंद नगरला राहतात, काकू आणि संजयच्या कुटुंबाबरोबर. त्यांच्या हृदयाची एक झडप बदललेली आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवण्याची गोळी त्यांना जन्मभर घ्यावी लागते. त्या गोळीचं गणित नाजूक. कमी पडली तर झडपेवर रक्ताची गुठळी होते, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. म्हणून महिन्यातून एकदा रक्त गोठण्याची तपासणी करायची. काकांचा आकडा तीनच्या आसपास असावा लागतो. तुमचा-माझा एक असतो. आकडा मोबाइलवर येतो, संजय तो डॉक्टरांना पाठवतो आणि डॉक्टर गोळी किती घ्यायची ते कळवतात.

तो आकडा लॅबच्या काउंटरपासून मोबाइलपर्यंत नेणारं सॉफ्टवेअर माझं आहे.

कोलार रोडवर एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या आहेत. आम्ही चौघं. खालून दिवसभर तुपाचा वास येतो. त्यातल्या शाहिदा आपा पूर्वी याच लॅबच्या काउंटरवर बसत. पुढे त्या आमच्याकडे आल्या, सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर. त्यांना कोड लिहिता येत नाही, पण माणसं काउंटरवर येऊन काय काय करतात ते त्यांना पाठ आहे. कोण वय चोरतं, कोण नाव अर्धंच सांगतं, कोण शेजाऱ्याचा नंबर देतं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी मला एक अट घालायला लावली होती. मोबाइल नंबर एक आणि नावं जवळजवळ सारखी असली, तरी संगणकाने त्या दोन नोंदी आपण होऊन एकत्र करायच्या नाहीत, काउंटरवर विचारायचं. मी ती अट चार ओळींत लिहिली. का, ते मात्र लिहिलं नाही. आपण रोज जगतो ती गोष्ट कोण लिहून ठेवतं?

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे एआय एजंट आले. एजंट म्हणजे आपल्या वतीने स्वतःच कोड लिहिणारा, तो चालवून पाहणारा, मोडला तर दुरुस्त करणारा. काम सांगायचं आणि बाजूला व्हायचं. पहिला आठवडा मी परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारखा बसलो. ही फाइल उघडू का, असं तो विचारी. मी वाचून हो म्हणे. ही ओळ बदलू का? मी वाचून हो म्हणे. दुसऱ्या आठवड्यात मी न वाचता हो म्हणू लागलो. तिसऱ्यात विचारणंच बंद करायची सोय सापडली आणि मी ती वापरली. त्यानंतर मी एकाच वेळी तीन खिडक्यांत तीन एजंट कामाला लावले.

खरं सांगायचं तर इतका आनंदी मी कित्येक वर्षांत नव्हतो. जी कामं महिनोन्‌महिने मनाच्या कोपऱ्यात पडून होती, ती जेवणाच्या सुट्टीत होऊ लागली. बायको डब्यात मीठ लावून उकडलेल्या मटारच्या शेंगा देई. शेंग दातांत धरायची, दाणे ओढून घ्यायचे, साल कागदावर टाकायची आणि ओल्या बोटाने मान्यतेचं बटण दाबायचं. पडद्यावर हिरव्या खुणांची रांग लागे, प्रत्येक चाचणी पास. कागदावर हिरव्या सालांचा ढीग होई.

आपा म्हणायच्या, "सर, आपके जिन तो चाय भी नहीं माँगते." मी हसायचो. मग मी आपांनाच फोन घेण्याच्या कामावर बसवलं, कारण चाचण्याही आता एजंटच लिहीत होता. त्या टेबलावरचं सामान आवरता आवरता म्हणाल्या, "लिखे भी वही, और जाँचे भी वही?" मी म्हटलं, "आपा, वो थकता नहीं है." त्या सामान उचलून फोनपाशी जाऊन बसल्या. आपांचं ते वाक्य वेगळ्या शब्दांत माझ्या घरात मी बालपणभर ऐकलं होतं, आणि त्या दिवशी ते माझ्या कानावरून सरळ निघून गेलं.

लॅबच्या मालकांची जुनी तक्रार होती की एकाच पेशंटच्या चार-चार नोंदी दिसतात. डिसेंबरच्या शेवटी मी एजंटला दीड ओळ लिहिली. दुबार नोंदी शोधून एकत्र कर, सगळ्या चाचण्या पास झाल्या पाहिजेत. एवढंच. आनंद नगरात एका घरात एकच नंबर सगळ्यांसाठी देतात, हे मी त्याला सांगितलं नाही. म्हातारी माणसं मुलाचा नंबर देतात, काउंटरवर घाई असली की पूर्ण नावाऐवजी नुसतं आद्याक्षर आणि आडनाव टाकतात, हेही नाही. तो काही आनंद नगरात राहत नव्हता. तो दुपारभर राबला. चारच्या सुमारास हिरव्या खुणांची रांग लागली आणि खाली त्याचं लांबलचक टिपण आलं. मी ते बोटाने वर सरकवलं आणि बटण दाबलं.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन काकांकडे गेलो. गच्चीवर ऊन होतं. काकू मटार सोलत होत्या, काका आरामखुर्चीत, अंगावर कारखान्याच्या वेळचा करडा स्वेटर. संजय कठड्याला टेकून फोन पाहत होता. मी काकांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि तो हात पाहिला. मनगटापासून कोपरापर्यंत निळे-जांभळे डाग.

"हे काय, काका?"

"तुझ्या काकूने चिमटे काढले."

"पन्नास वर्षांत काढले नाहीत ते आता काढू?" काकू म्हणाल्या. "नुसतं टेकलं तरी निळं पडतं बघ विनय. सकाळी दात घासताना बेसिन लाल. हे म्हणतात, ब्रश कडक आहे."

"ब्रश कडकच आहे," काका म्हणाले.

संजय म्हणाला, "डॉक्टरांनी गोळी वाढवलीय ना दहा दिवसांपूर्वी. रक्त एकदम घट्ट झालं म्हणे. तीनचं डायरेक्ट एक." त्याने फोन माझ्यापुढे धरला. माझ्याच सॉफ्टवेअरचा रिपोर्ट, वर लॅबचं चिन्ह, त्याखाली नाव, एस. खानझोडे, वय सत्त्याहत्तर. आकडा एक.

काकांचं नाव सुधाकर. मुलाचं नाव संजय.

मी विचारलं, "संजय, तू हल्ली कुठली तपासणी केलीस का?"

"हो ना, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी. बाबांच्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी. माझा रिपोर्ट आलाच नाही अजून. तुलाच विचारणार होतो."

ऊन तसंच होतं. काकूंच्या पातेल्यात दाणे टपटप पडत होते. कोणीतरी खालच्या रस्त्यावर गजक विकत होतं. आणि त्या गच्चीवर काय झालंय ते फक्त मला कळलं होतं. दोन नोंदींची एक नोंद झाली होती. बापाचा आदल्या दिवसाचा आकडा पुसून निरोगी मुलाचा आकडा बापाच्या नावावर चढला होता, आणि तो पाहून गेले दहा दिवस बापाला जास्त गोळ्या देत होते. बरोबर माप, भलत्या नगावर.

मी म्हणालो, "काका, आत्ताच्या आत्ता पुन्हा तपासून घेऊ." का, ते सांगितलं नाही. काका कुरकुरले की जेवण व्हायचंय. मी त्यांचा हात धरायला गेलो आणि मध्येच थांबलो. हात लावायचीही भीती वाटली.

दवाखान्यातल्या त्या दुपारी मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. आकडा आला, तो नऊच्या वर होता. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन द्यायला सांगितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अच्छा हुआ टाइम पे ले आए. कहीं गिर जाते, सिर में लगती..." पुढे त्यांनी हात हलवला, वाक्य संपवलं नाही. ते वाक्य माझ्या डोक्यात अजून संपलेलं नाही. काका कुठे कुठे पडू शकले असते, याची एक यादी मी वर्षभर बाळगून आहे. गच्चीचा जिना. बाथरूमची ओली फरशी. खुर्चीतून उठताना पायात अडकलेली शाल.

तीन दिवसांनी ते घरी आले, थोडे ओढलेले, पण धडधाकट. आणि त्या तीन दिवसांत मी ते केलं, ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

लॅबच्या मालकांना मी फोनवर म्हणालो, "एआय ने गड़बड़ कर दी, साहब." ते उलट माझीच समजूत घालत म्हणाले, "अरे, आजकल सब जगह यही हो रहा है." संजयला मी तेच सांगितलं. तो म्हणाला, "तू कशाला मनाला लावून घेतोस? मशीनच ते." किती सोपं होतं. सगळे मान डोलवत होते. मलाही वाटू लागलं की मी एका अपघाताचा साक्षीदार आहे.

मग मी एजंटचं ते टिपण उघडलं. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं: काउंटरवर विचारून खात्री करण्याची जुनी अट मी काढली आहे. ती का घातली होती याची कुठेही नोंद नाही आणि तिच्यासाठी चाचणीही नाही. एका मोबाइल नंबरवर घरातल्या दोन व्यक्ती असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर ही अट परत घालावी लागेल. मान्यता देण्यापूर्वी कृपया हे तपासा.

त्याने विचारलं होतं. साध्या शब्दांत, मलाच उद्देशून विचारलं होतं. उत्तर म्हणून मी बटण दाबलं होतं. अट काढायला नको होती, हे खरं. पण ती का आहे हे त्याला सांगणारा मीच होतो, आणि तो विचारायला आला तेव्हा मी शेंगा खात होतो.

मी टिपण बंद केलं आणि कोणाला दाखवलं नाही. पण आपांपासून ते लपलं नाही, कारण चुकीने जोडलेल्या नोंदी सोडवायला मला त्यांचीच मदत लागली. अशी चौतीस घरं निघाली. एकत्र केलेल्या नोंदींची यादी चाळताना आपांनी ते टिपण पाहिलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं.

"सर, इसने तो पूछा था."

"हाँ."

"किसी को बताया?"

मी यादीचं पुढचं पान उघडलं. त्यांनी फोन उचलला आणि पहिल्या घराचा नंबर लावला. "अम्मा, इस नंबर पे आपके यहाँ किस-किस की जाँच होती है?" पलीकडून आवाज आला, "सबकी होती है बेटा. नंबर तो एक ही है."

दोन आठवडे आम्ही तेच करत होतो. एका घरी फोन लागला आणि आपांचा चेहरा बदलला. त्यांनी हळू विचारलं, "कब हुआ?" आणि माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "इनके शौहर नहीं रहे." आपांनी तारीख विचारली. दिवाळीच्या आधीची होती, आमच्या त्या दुपारच्या कितीतरी आधीची. मी ती तारीख तीनदा पडताळून पाहिली, आणि मला हायसं वाटलं. एक बाई फोनवर रडत होती आणि नवरा वेळेवर मेला म्हणून मी मनात हात जोडत होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

बाकी कोणाला काही झालं नव्हतं. हे वाक्य मला सुटकेसारखं लिहिता येत नाही.

एजंट मी सोडले नाहीत. सोडावेत असं काही दिवस वाटलं, पण ते पुन्हा दोष त्यांच्यावर ढकलणं झालं असतं. आता काम देण्याआधी मी बसून लिहितो, काय हवं आहे, का हवं आहे आणि कशाला हात लावायचा नाही. मग एजंटला म्हणतो, तुला काय समजलं ते आधी मला सांग, कोड नंतर. तो परत सांगतो, आणि दर वेळी त्यात एखादी अशी गोष्ट निघते जी मी बोललोच नव्हतो. चाचणी काय तपासेल ते आपा आधी ठरवून साध्या हिंदीत लिहितात, आणि त्या फाइलला हात लावायची एजंटला मुभा नाही. खिडकी एकच. काम एवढंच लहान, की सगळे बदल मी एका बैठकीत वाचू शकेन. वाचतो तेही मोठ्याने. शेजारच्या टेबलावरची मंडळी सुरुवातीला हसली, आता सवयीने गप्प बसतात. काम होतं, पूर्वीपेक्षा चांगलं होतं, पण मागच्या हिवाळ्याच्या निम्म्यानेही वेगाने नाही.

आणि बटणाशी आलं की बोट थांबतं. सगळ्या खुणा हिरव्या असतात तेव्हा जास्तच थांबतं. एखादी तांबडी दिसली तर मला बरं वाटतं, निदान कोणीतरी काहीतरी पकडलं. सगळं हिरवं दिसलं की मला ती गच्ची आठवते, ते पातेलं, आणि काकांच्या हातावरचे डाग.

परवा आपा फोन ठेवता ठेवता सहज म्हणाल्या, "मटर आ गए, सर. खानज़ोड़े अंकल के यहाँ हो आए?" बस, एवढंच. रविवारी सकाळी भाजीबाजारात गेलो, रिकामी पिशवी घेऊन निघालो ते थेट आनंद नगरला.

काका गच्चीवरच होते. तोच स्वेटर. पातेलं या वेळी त्यांच्याच मांडीवर होतं, काकूंनी त्यांना कामाला लावलं होतं. हात स्वच्छ होते. वय झालेले, शिरा वर आलेले, पण स्वच्छ. मी समोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. एजंटने काय लिहिलं होतं, मी ते कसं वाचलं नाही, नंतर वाचूनही कसं लपवलं.

काकू मध्येच म्हणाल्या, "एजंट म्हणजे विम्याचा का रे?"

"नाही गं," काका म्हणाले, "त्याच्याकडचं मशीन आहे. बोलू दे त्याला."

माझं बोलून झालं. काका एक शेंग सोलत राहिले. मग म्हणाले, "त्याने विचारलं होतं?"

"हो."

"लिहून?"

"हो, काका."

"आणि तू न वाचता सही केलीस."

"हो."

त्यांनी दाणे पातेल्यात सोडले. "चूक झाली ते जाऊ दे. आमच्याही हातून झाल्या. पण नाव कोणाचं घेतलंस? ज्याला उलट बोलता येत नाही त्याचं. तुझा बाप असता तर त्याने तुझ्याशी बोलणं टाकलं असतं."

काकू म्हणाल्या, "अहो." काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. मी उठायच्या बेतात होतो. जावं की थांबावं, कळत नव्हतं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. आजही म्हणालेले नाहीत.

तेवढ्यात बाजूला ठेवलेला फोन वाजला. या महिन्याचा रिपोर्ट होता. आता काकांचा स्वतःचा फोन आहे, संजयने मुद्दाम घेऊन दिलेला. काकांनी स्वेटरच्या खिशातून एक छोटी वही काढली आणि पेन्सिलीचं टोक बोटाने चाचपलं. मागच्या संक्रांतीपासूनचे सगळे आकडे त्या वहीत होते, तिरक्या, सारख्या अक्षरात, कारखान्यात लिहीत तसे. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"बोल," ते म्हणाले.

मी पडद्याकडे पाहिलं आणि मला जे सगळ्यात आधी पाहायचं होतं तेच पाहिलं. "तीन पूर्णांक एक," मी म्हणालो.

काकांनी लिहिलं नाही. पेन्सिल कागदापासून बोटभर वर तशीच धरून ते थांबले.

"आधी नाव," ते म्हणाले.

मी नजर पुन्हा पडद्याच्या वरच्या टोकाला नेली आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. "सुधाकर नारायण खानझोडे. वय अठ्ठ्याहत्तर." मी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

काकांनी एकेक शब्द लिहून घेतला, वही डोळ्यांजवळ नेली आणि मला वाचून दाखवू लागले. मी पडद्यावर बोट ठेवून ऐकत होतो.